मुश्ताकभाईंची दहावी

दुबईत मंदी आली हे वर्तमानपत्रांच्या आधी मुश्ताक परकारांना कळलं, आणि ते कळलं एका चिठ्ठीबुकामुळे.

मुश्ताकभाई एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते. अल कूझच्या औद्योगिक भागात कंपनीचं गोदाम होतं. तिथे एकाच टेबलामागे त्यांची सोळा वर्षं गेली होती. टेबलामागे म्हणायचं इतकंच, कारण ते फार वेळ बसत नसत. टेबलावर दोन बुकं असायची. पिवळं बुक साइटला माल देण्याचं, हिरवं बुक साइटवरून परत आलेला माल घेण्याचं. पिवळी बुकं महिन्याला आठ-दहा संपत. हिरवं एकच बुक तीन वर्षं पुरलं होतं. त्या दिवसांत दुबईत कुणी काही परत करतच नव्हतं. खिळ्यांची अर्धी पेटी उरली तर ती वाळूत ओतून साइटवाले नवी मागवत.

२००८च्या ऑक्टोबरमध्ये एका मंगळवारी ट्रक आला आणि त्यातून प्लायवुडच्या चळती उतरायला लागल्या. वरच्या पट्ट्यासुद्धा कापलेल्या नव्हत्या.

“हमीद, ये क्या है?” त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

“वापसी है भाई. बोले, रखने को जगह नहीं.”

“पच्चीस मंजिल की इमारत, और प्लाय रखने को जगह नहीं?”

हमीदने खांदे उडवले. मुश्ताकभाईंनी हिरवं बुक काढून त्यावरची धूळ झटकली. पंधरा दिवसांत ते बुक संपलं. नवी छापायला टाकली तेव्हा छापखानेवाला म्हणाला, आजकाल सगळ्या कंपन्यांची हीच ऑर्डर आहे. त्या संध्याकाळी अल मनखूलच्या घरी येऊन मुश्ताकभाईंनी पलंगाखालच्या बॅगा बाहेर ओढल्या.

“कुठे निघालात?” साजिदाने विचारलं.

“कुठे नाही. झिपा बघतोय.”

“झिपा बघायला चपला घालूनच बसायला लागतं का?”

त्यांनी खाली बघितलं. चपला खरंच पायात होत्या.

साजिदाला नवऱ्याची ही सवय नवी नव्हती. ती आणि मुलगी नबिला चार वर्षांपूर्वी गावाहून दुबईला आल्या, तेव्हाच त्यांनी घराचा नियम सांगून टाकला होता. दोन माणसांनी मिळून उचलावी लागेल अशी एकही वस्तू घरात आणायची नाही. त्यामुळे घरात कपाट नव्हतं, सोफा नव्हता. टेबल-खुर्च्या घडीच्या होत्या. पलंग आणि फ्रिज घरमालकाचे. पाहुणे आले की साजिदा म्हणायची, “बसा, आमचं घर अजून एअरपोर्टवरच आहे.”

याला कारण कुवेत.

१९९०च्या ऑगस्टमध्ये इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले तेव्हा मुश्ताक तिथे एका व्यापाऱ्याच्या गोदामात कामाला होता. वय सत्तावीस, लग्नाला दहा महिने झालेले, बायको रत्नागिरीकडे खाडीकाठच्या गावात. त्याचा पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत होता आणि मालक उन्हाळ्यासाठी लंडनला. महिना संपत आला तशी कोकणातली मंडळी घोळक्या-घोळक्याने इराकमधून जॉर्डनकडे निघाली. शेजारच्या गावचा नूरुद्दीन म्हणाला, “चल.” मुश्ताक म्हणाला, “पासपोर्ट नाही. मालकाचा निरोप येईल. चार दिवस थांबतो.” पुढे एकट्याने निघायचं तर ओझं नको, म्हणून आपली बॅग तेवढी त्याने नूरुद्दीनकडे दिली.

चार दिवसांचे तीस झाले. निरोप आला नाही. शेवटी भारतीय अधिकाऱ्यांनी हातात दिलेल्या एका कागदावर तो निघाला आणि अम्मानजवळ तंबूत आठ दिवस काढून मुंबईला उतरला.

तोवर गावात भलतंच झालं होतं. नूरुद्दीनने वाटेत ऐकलं की मागून येणारी एक बस उलटली आणि त्यात रत्नागिरीकडची पोरं होती. त्याने घरी पोचल्यावर मुश्ताकची बॅग त्याच्या आईपुढे, मैमुनाबींपुढे ठेवली आणि तो रडायलाच लागला. त्यापुढे कुणी काही विचारलं नाही. फोन लागत नव्हते. बॅग आली होती, माणूस आला नव्हता. पुढच्याच जुम्म्याला मशिदीत मुश्ताकची गायबाना जनाज्याची नमाज झाली, मय्यत समोर नसताना पढतात ती. साजिदाला इद्दतीत बसवलं. नवरा गेलेल्या बाईने चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नसतं. तिचे एकोणीस दिवस झाले असताना मुश्ताक एसटीतून उतरून चालत घरी आला.

गावाने नंतर पुष्कळ मजा करून घेतली. “मर्हूम आले, मेलेल्या माणसाला खुर्ची द्या,” म्हणायचे. मुश्ताकही हसायचा. साजिदा मात्र पहिले दोन दिवस त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. ती आतल्या खोलीतच बसून राहिली, जणू तिला बाहेर यायला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा मुश्ताकच्या पायांत जे शिरलं ते शिरलंच. पुढे नबिला झाली, दुबईची नोकरी लागली, पण मुश्ताकभाईंना एका जागी बसवेना. जेवताना दोनदा उठत. हॉटेलात दाराजवळचं टेबल धरत. सगळ्यांच्या आधी निघायचं, हा एकच धडा त्यांनी कुवेतमधून आणला होता, आणि अठरा वर्षं तो वापरायची वेळ आली नव्हती.

आता ती आली असं त्यांना वाटायला लागलं. डिसेंबरमध्ये मनखूलच्या गल्ल्यांत कचऱ्याच्या पेट्यांशेजारी सोफे, गाद्या, मुलांच्या सायकली दिसू लागल्या. साजिदा भाजी घेऊन येताना थांबून बघायची. “हा सोफा दोन हजार दिरहमच्या खाली नसेल. म्हणजे सव्वीस-सत्तावीस हजार रुपये. आणि आपल्या घरी पाहुणा घडीच्या खुर्चीवर.” गोदामात मुहैस्नाहच्या कॅम्पातले कामगार रांगेने येत. कंपनी सोडणाऱ्या प्रत्येकाच्या क्लिअरन्स फॉर्मवर स्टोअरकीपरची सही लागते. हेल्मेट एक, बूट एक जोडी, पट्टा एक, मिळाले. हेल्मेटच्या आत मार्करने नावं लिहिलेली असत. मुश्ताकभाई सही करत आणि विचारत, “टिकट मिला?” मान हलली की त्यांना बरं वाटे. आणि माणूस दाराबाहेर गेला की वाटे, हाही आपल्याआधी गेला.

पंधरा जानेवारीला कंपनीने परिपत्रक काढलं. एकतीस तारखेच्या आत जो स्वतःहून नाव देईल, त्याला पूर्ण ग्रॅच्युइटी, कुटुंबाची तिकिटं आणि पासपोर्ट. पासपोर्ट मात्र कंपनीचा माणूस एअरपोर्टवर, इमिग्रेशन काउंटरपाशी देणार, म्हणजे पैसे घेऊन इथेच राहायची सोय नाही. जे नाव देणार नाहीत त्यांच्याबद्दल परिपत्रकात एक ओळसुद्धा नव्हती. मुश्ताकभाईंनी दुपारच्या चहाच्या आधीच नाव दिलं. यादीत ते अकरावे होते.

घरी त्यांनी सांगितलं नाही. अडचण एकच होती. नबिला दहावीला होती, आणि बोर्डाची परीक्षा तीन मार्चपासून चोवीस मार्चपर्यंत.

अठरा तारखेला रजा टाकून ते ऊद मेथाला नबिलाच्या शाळेत गेले. ऑफिसात वैभवी नावाची क्लार्क होती, ठाण्याची.

“दाखला हवाय.”

“कितवी?”

“दहावी.”

तिने पेन खाली ठेवलं. “आज सकाळपासून सहा दाखले दिले मी. पण दहावीचा नाही दिला अजून कुणाला. साहेब, दाखला घेतलात तर तिचा बोर्डाचा नंबर जाईल. गावी आता यंदा कोणी बसवून घेणार नाही.”

“पुढच्या वर्षी बसेल.”

“मुलीला विचारलंय?”

मुश्ताकभाई तेवढ्यात भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. वैभवीने एक फॉर्म पुढे सरकवला. “यावर लायब्ररी, लॅब आणि क्लास टीचर, तीन सह्या लागतात. त्या तिच्या तिलाच आणायला सांगा.”

त्यांनी फॉर्म हातात घेतला आणि ओळखला. क्लिअरन्सच होता. पुस्तकं दोन, मिळाली. लॅबचा कोट एक, मिळाला.

मुलीला तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही. त्यांनी फॉर्म दुमडून तिच्या शाळेच्या डायरीत ठेवला आणि मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजीला निघून गेले. परत आले तेव्हा नबिला घडीच्या टेबलापाशी उभी होती आणि फॉर्म तिच्या आईच्या हातात होता.

“व्हॉट इज धिस, अब्बा?”

“बेटा, कंपनीची हालत ठीक नाही. आत्ता गेलो तर सगळं मिळतंय. एका वर्षाने—”

“आय ऑलरेडी लॉस्ट वन इयर.” ते खरं होतं. गावच्या शाळेतून इथे इंग्रजी माध्यमात आल्यावर तिला सहावी दोनदा करावी लागली होती. ती ओरडली नाही. वही बंद करून म्हणाली, “आय अॅम नॉट युअर प्लायवुड, अब्बा. यू कान्ट जस्ट सेंड मी बॅक,” आणि आत गेली.

साजिदाने फॉर्मची घडी घातली. “नाव दिलंत?”

“दिलं.”

“मला न विचारता.”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“मग उत्तर माहीत होतं तुम्हाला.” ती समोरच्या खुर्चीवर बसली. “बसा. आणि पाय हलवू नका, टेबल हलतंय. गावी जाऊन ही वर्षभर काय करणार?”

“अभ्यास.”

“घरी बसलेल्या मुलीला अभ्यास कोण करू देतं? महिन्याभरात तुमची बहीणच पहिलं स्थळ घेऊन येईल. आणि तुम्हीच म्हणाल, मुलगा चांगला आहे, बहरीनला आहे.”

“साजिदा, सोळा वर्षांची कमाई आहे. मार्चपर्यंत कंपनी राहिलीच नाही तर? पासपोर्ट त्यांच्या तिजोरीत. तुला कुवेत माहीत नाही.”

“मला माहीत नाही?” ती हसली, पण ते हसणं मुश्ताकभाईंना आवडलं नाही. “मी एकोणीस दिवस बसले होते. कशासाठी बसले होते, सांगा. तुम्ही मेला नव्हतात. लोक घाबरले आणि घाबरून त्यांनी मला बसवलं. तुमच्या आईने रडत रडत बसवलं, माझ्या चांगल्यासाठीच. आता तुम्ही घाबरलात आणि हिला बसवताय. अजून काही झालेलंच नाही.”

“होणार आहे.”

“मग झालं की बघू. त्याच्या आधी नाही.”

आतल्या खोलीतून नबिलाचा रसायनशास्त्राची समीकरणं म्हणण्याचा आवाज येत होता. ती मुद्दाम मोठ्याने म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मुश्ताकभाई हेड ऑफिसात गेले. तिथे गुणवंत लेले एचआरचं काम बघत. माणूस पुण्याचा, बोलायला तिरकस, पण सोळा वर्षांत मुश्ताकभाईंची एकही रजा त्याने कापली नव्हती.

“फॉर्म मागे घ्यायचाय.”

गुणवंतने उठून दार लावलं. “बसा, मुश्ताकभाई.”

“बसत नाही.”

“बरं, उभे राहा. आता मी बोलतोय ते एचआर म्हणून नाही. कंपनीकडे पुढच्या दोन पगारांचे पैसे नाहीत. जे आहेत ते यादीतल्या पहिल्या वीस-पंचवीस जणांना पुरतील. तुम्ही अकरावे आहात. लोक मला फोन करून विचारतायत, आमचा नंबर वर घेता येईल का. आणि तुम्ही मागे घेताय?”

“मुलीची परीक्षा चोवीस मार्चला संपते.”

“चोवीस मार्चला हे ऑफिस असेल, असं मी लिहून देणार नाही.”

“पासपोर्ट?”

“तिजोरीत. किल्ली जीएमकडे. मी माझा मागितला होता गेल्या आठवड्यात. म्हणाले, इन्शाल्ला, हबीबी, उद्या. त्याला आज आठ दिवस झाले.”

मुश्ताकभाई खिडकीपर्यंत जाऊन परत आले.

“बायकोला, साधनाला, आणि मुलाला, वेदांगला, मी डिसेंबरातच पुण्याला पाठवलं,” गुणवंत म्हणाला. “वेदांग आठवीत. एक शाळा सोडली, दुसरीत गेला, काही बिघडलं नाही. तो दहावीत असता तर मी काय केलं असतं, ते मला विचारू नका.”

“विचारायला नाही आलो. फॉर्म द्या.”

गुणवंतने फाइलमधून फॉर्म काढला, यादीतल्या अकराव्या नावावर रेघ मारली आणि कागद त्यांच्या हातात दिला. “तुमच्या जागी राजनला घेऊ ना? त्याने परवाच विचारलं होतं.” राजन गोदामात मुश्ताकभाईंच्या हाताखाली होता.

“घ्या.”

लिफ्टपाशी येऊन त्यांनी फॉर्म खिशातून काढला, वाचला, परत ठेवला. लिफ्ट आली, गेली. ते पुन्हा गुणवंतच्या दारापर्यंत गेले. आत गुणवंत फोनवर कुणाला तरी सांगत होता, “हां, एक जागा खाली हुई है.” मुश्ताकभाईंचा हात दाराच्या मुठीवर होता. तो त्यांनी काढून घेतला आणि सात मजले जिन्याने उतरले.

राजन एकोणतीस तारखेला गेला. मुश्ताकभाईंनी त्याच्या क्लिअरन्सवर सही केली.

“मुश्ताकभाई, आप भी चलो ना. साथ में चलते हैं.”

“मेरा अभी थोड़ा काम बाकी है.”

“इधर क्या काम बाकी है? सब तो वापस आ गया.”

आणि ते खरंच होतं. गोदामात चालायला वाट उरली नव्हती. मुश्ताकभाई एकटेच प्लायवुडच्या चळतींमधून आडवे होऊन फिरत. जानेवारीचा पगार आला तो बारा फेब्रुवारीला. फेब्रुवारीचा आलाच नाही. रोज दुपारी ते गुणवंतला फोन करत.

“ऑफिस उघडं आहे?”

“उघडं असल्याशिवाय मी फोन कसा उचलला?”

“तिजोरी?”

“जागेवर आहे. फोन ठेवा आता.”

घरी त्यांचा फार त्रास व्हायला लागला. नबिला गणित करत बसली की हे खोलीत या टोकापासून त्या टोकाला. शेवटी साजिदाने त्यांना रोज संध्याकाळी बाहेर काढायला सुरुवात केली. “जा, खाडीपर्यंत जाऊन या. तुम्ही चालता तेव्हा तिची बेरीज चुकते.” ते खाडीपर्यंत जात, पलीकडे जाणाऱ्या होड्या, अब्रा, सुटताना बघत, परत येत, आणि घरातला दिवा जळताना दिसला की तसेच पुन्हा वळत. इमारतीचा वॉचमन म्हणाला, “परकार साब, टॅक्सी का मीटर लगा लो, कुछ कमाई हो जाएगी.”

तीन मार्चला पहिला पेपर झाला. दहाला गणित झालं. अकरा मार्चला सकाळी दहा वाजता मुश्ताकभाईंनी फोन केला तर गुणवंतने उचलला नाही. त्यांनी गोदामाला कुलूप लावलं आणि टॅक्सी केली. एरवी ते टॅक्सी करत नसत.

ऑफिसच्या काचेच्या दाराला साखळी होती. दारावर अरबी आणि इंग्रजीत एक कागद चिकटवलेला. बाहेर तीस-चाळीस माणसं, आणि त्यांच्यातच इस्त्रीचा शर्ट घातलेला गुणवंत.

“जीएम परवाच्या विमानाने गेले,” तो म्हणाला. “कुठे, ते मला कळलं तर तुम्हाला सांगतो.”

“तिजोरी?”

“आत. माझा जेवणाचा डबाही आतच आहे, कालचा.”

कोणीतरी दारावर हात मारत होतं. कोणी वकिलाचा नंबर वाटत होतं. मुश्ताकभाईंना अठरा वर्षं ज्याची भीती वाटत होती ते हेच होतं. दार, साखळी, आणि आत आपला पासपोर्ट. त्यांना वाटलं होतं, असं झालं तर आपण तिथेच खाली बसू. पण ते बसले नाहीत. त्यांना एवढंच आठवलं की चौदा तारखेला विज्ञानाचा पेपर आहे.

घरी पोचले तेव्हा अकरा वाजले होते. नबिला आत वाचत होती. साजिदा ओट्यापाशी बांगडे साफ करत होती. हे स्वयंपाकघराच्या दारात नुसते उभे राहिले. साजिदाने त्यांच्याकडे बघितलं आणि नळ मोठा सोडला, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

“बंद?”

“बंद.”

“आणि ते?”

“आतच.”

तिचे ओठ हलले, पण नळाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. मग म्हणाली, “माझ्यामुळे झालं हे. जानेवारीत गेलो असतो तर—”

“फॉर्म मी मागे घेतला. माझ्या हाताने.”

“मी बोलले म्हणून.”

“लसूण दे इकडे,” मुश्ताकभाई म्हणाले. “नुसतं उभं राहवत नाही.”

त्यांनी उभ्याने लसूण सोलला. सोलता सोलता दोघांनी ठरवलं की चोवीस तारखेपर्यंत मुलीला कळता कामा नये. नबिलाने आतून विचारलं, “अब्बा, यू आर अर्ली?” तर साजिदा म्हणाली, “डोकं दुखतंय त्यांचं.”

दुसऱ्या दिवसापासून मुश्ताकभाई रोजच्यासारखे साडेसहाला उठत, शर्ट घालत, डबा घेत आणि कामावर जात. काम नव्हतं. एक-दोन दिवस ते गोदामात गेले, पण तिसऱ्या दिवशी तिथेही दुसरंच कुलूप दिसलं. मग ते बसने फिरत. देराला उतरत, मासळीबाजारात चक्कर मारत, अब्राने परत येत, एखाद्या मशिदीच्या सावलीत डबा खात. एका बाकावर दहा मिनिटं झाली की उठत. शहरात त्यांच्यासारखे पुष्कळ दिसायचे. शर्ट-पँट, हातात डबा, आणि जायची घाई नाही. कुणी कुणाला काही विचारत नसे. एकदा असाच एक माणूस शेजारी येऊन बसला. डबा उघडून त्याने यांच्या डब्याकडे बघितलं. “बांगडा?” “हो. घ्या.” त्याने घेतला. तो कुठल्या कंपनीत होता ते मुश्ताकभाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

विज्ञान झालं. हिंदी झालं. संध्याकाळी सहाला ते घरी येत आणि दमल्यासारखं करत. तसं करावंही लागत नसे.

कामगार खात्याच्या ऑफिसात सगळ्यांनी मिळून तक्रार दिली होती. पासपोर्ट पुढे जूनमध्ये हातात आले. ग्रॅच्युइटी आली नाही, राहिलेला पगारही नाही. पण हे सगळं नंतरचं. कागदपत्रं तपासायला म्हणून खात्याने त्यांना जी तारीख दिली ती नेमकी चोवीस मार्च होती, नबिलाच्या शेवटच्या पेपरची.

सकाळी सातला त्यांनी यंत्रातून टोकन काढलं. एकशे बारा. हॉल गच्च भरलेला. गुणवंत आधीच येऊन बसला होता, एकशे पाच.

“बसा,” तो म्हणाला. शेजारची खुर्ची त्याने रुमाल टाकून धरली होती.

मुश्ताकभाई बसले, उठले, पाणी पिऊन आले, पुन्हा बसले.

“आज कुठला पेपर?”

“सामाजिक शास्त्र. इतिहास, भूगोल, सगळं एकत्र. साडेदहाला सुरू.”

“एक सांगू? राजनचा ईमेल आला होता. पैसे मिळाले त्याला, सगळे. गावी दुकान बघतोय.” गुणवंतने त्यांच्याकडे बघितलं नाही. “तो तुमचा नंबर होता.”

“माहीत आहे.”

“राग नाही येत?”

“येतो,” मुश्ताकभाई म्हणाले. “रोज सकाळी येतो. डबा घेऊन निघताना.” आणि ते पुन्हा उठले.

दीड वाजला तेव्हा पाटीवर शंभर आकडा होता. पावणेदोनला गुणवंतला बोलावलं. तो काउंटरवर गेला, दहा मिनिटांत परत आला, आणखी एक कागद आणायला सांगितलाय म्हणाला, आणि खुर्चीवर बसून राहिला. घरी त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं.

पाटीवर एकशे दहा आलं तेव्हा मुश्ताकभाईंचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. ते एक कान दाबून हॉलच्या टोकाला गेले.

“अब्बा? वर्गातल्या इराच्या फोनवरून बोलतेय. खलास. इट्स ओव्हर.”

“कसा गेला?”

“गुड. मॅप वॉज इझी. एक फाइव्ह मार्क्सचं राहिलं. टाइम संपला.”

“सगळे झाले ना पण? सगळे पेपर?”

“हो, ऑल ऑफ देम. अब्बा, यू कॅन कम होम नाऊ.”

“सहाला येतो. काम आहे जरा इथे.”

पलीकडे मुलींचा गलका होता. मग नबिला अगदी सावकाश, मराठीत म्हणाली, “अब्बा, काम नाहीये. मला माहीत आहे. ऑफिस बंद झालंय ते.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. तुमच्या शर्टांना लाकडाचा भुसा नसायचा. अम्मी धुवायला काढायची तेव्हा मी बघायचे. सायन्सच्या पेपरपासून.”

दहा-अकरा दिवस मुश्ताकभाई शहरभर हिंडले होते, आणि ते दार लावून बाहेर पडले की मुलगी आत पुस्तक उघडत होती. दोघंही एकमेकांपासून तेच लपवत होते.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही डबा घेऊन जात होता ना रोज. आय थॉट, तुम्ही जाताय तोवर मी पण बसते.” मग घाईघाईने, “इराची मम्मी आलीय. बाय.”

ते फोन हातात घेऊन तसेच उभे राहिले. शेजारचा एक बंगाली कामगार म्हणाला, “भाई, तबियत ठीक है?” त्यांनी मान हलवली. मग परत आपल्या जागेकडे आले.

“अहो, कुठे होतात?” गुणवंत उठून उभा राहिला होता. “तुमचा नंबर दोनदा पुकारला. मी त्याला सांगितलं, माणूस इथेच आहे, फोनवर आहे. ऐकतोय कुठे. एकशे चौदा चालू आहे आता.”

पाटीवर खरंच एकशे चौदा होतं.

“सगळे पेपर झाले,” मुश्ताकभाई म्हणाले.

“झाले?” गुणवंतने हात पुढे केला. का ते त्यालाही कळलं नसावं, पण मुश्ताकभाईंनी तो धरला. “चला, अभिनंदन. आता ही परीक्षा. बंद व्हायला पाऊण तास आहे, होईल का बघू. नाहीतर उद्या.”

मुश्ताकभाई यंत्रापाशी गेले. नवं टोकन निघालं, एकशे एकोणपन्नास. त्यांनी ते गुणवंतला दाखवलं. गुणवंतने घड्याळाकडे बघून मान हलवली, आज होत नाही म्हणून. तरीही ते त्याच्या शेजारी येऊन बसले, डबा मांडीवर घेतला आणि म्हणाले, “बांगडा आहे. तुम्ही खात नाही, पण भाकरी आहे. घ्या.”